काकांच्या दोन लाटा

काका शुक्रवारी निवृत्त होणार होते आणि ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर नक्की कसं चालतं, हे फक्त काकांनाच ठाऊक होतं. म्हणून सोमवारी सगळी टीम त्याची माहिती लिहून काढायला बसली, आणि ती कुठल्या फॉरमॅटमध्ये लिहायची यावरून जुंपली.

काय झकास भांडायची हो माणसं तेव्हा! एकच खोली, कुरकुरणारा पंखा, आणि भांडण चक्क तोंडानं. शेजारी बसून मेसेज पाठवायची रीत अजून यायची होती.

"वर्डमध्येच लिहायचं," टापटीप म्हणाला; टीममध्ये टोपणनावंच चालायची. त्याचा शर्टही सरळ आणि समासही. "छापलं की कसं देखणं दिसतं!"

"हो, आणि मग फाइलींची नावं फायनल, खरी फायनल, आता तरी फायनल!" चळवळ उसळली. तिला सगळ्यांनी मिळून एकाच वेबपानावर लिहायचं होतं.

"सगळेच लिहीत बसले तर वाचणार कोण?" टापटीपनं विचारलं.

काका मधूनच विचारत, "मी सांगायला सुरुवात करू का?"

"थांबा हो काका, आधी फॉरमॅट ठरू दे!"

असं करत गुरुवार उजाडला. टीमची मुख्य, म्हणजे ताई, रडकुंडीला आली. काका गेले आणि सॉफ्टवेअर रुसलं, तर साहेब तिलाच धारेवर धरणार होते. तिनं टेबलावर हात आपटला.

"बास! मार्कडाउन! साधी फाइल, चार खुणा टाकल्या की मथळे न् ठळक अक्षरं आपोआप. काका, लिहा."

काकांनी दिवसभर मान मोडून लिहिलं. महत्त्वाच्या प्रत्येक वाक्याच्या अलीकडे-पलीकडे त्यांनी दोन-दोन लाटा (~~) काढल्या. आता मार्कडाउनमध्ये दोन लाटा म्हणजे खोडलेला मजकूर. स्क्रीनवर नेमकी तीच वाक्यं काट मारलेली दिसली.

"काकांनी स्वतःच खोडलंय, मग ठेवायचं कशाला?" म्हणत टापटीपनं ती सगळी पुसून टाकली. आठवडाभरात पहिल्यांदाच चळवळ त्याला "बरोबर" म्हणाली.

निरोपाच्या भाषणाला काका उभे राहिले. "उद्या सकाळी आवरून जायचं कुठे, तेच कळत नाहीये," ते म्हणाले. सगळे हसले. ताईला मात्र हसू आलं नाही.

महिनाअखेरीला सॉफ्टवेअर रुसलंच. माहितीत लिहिलं होतं, 'मग हिरवं बटण दाबा.' त्या 'मग'च्या आधीचं सगळं गायब! ताईनं काकांना फोन लावला; तो ठेवते न ठेवते तोच काका इस्त्रीच्या शर्टात दारात हजर. काम चुटकीसरशी झालं, गप्पा संध्याकाळपर्यंत चालल्या. मग दर महिनाअखेरीला हेच. टापटीप आणि चळवळ भांडण राखून ठेवत, काकांपुढे मांडायला.

मधे कधीतरी ताईला फाइलची जुनी प्रत सापडली. लाटांसकट. पुसलेलं परत घालायला एक दुपार पुरली असती. तिनं प्रत गुपचूप बंद केली.

पुढे बऱ्याच वर्षांनी ग्रंथालयानं नवं सॉफ्टवेअर घेतलं. काका शेवटचं बटण दाबायला आले, तेव्हा ताईचे डोळे भरून आले.

"काका, रागावू नका. त्या लाटांची भानगड मला केव्हाच कळली होती. मुद्दामच दुरुस्त केलं नाही."

काकांनी टापटीप आणि चळवळीकडे एक नजर टाकली. दोघं नव्या फॉरमॅटवरून हातघाईवर आले होते.

"हळू बोल," काका म्हणाले. "मला तर लिहितानाच ठाऊक होती."