चौकोनात टिंब, खाली एक्केचाळीस

भिंगकाकांनी पिशवी चादरीत गुंडाळून ठेवली, इथपर्यंत चूक कोणाचीच नव्हती. धूळ बसू नये म्हणून त्यांनी कपाटातली धुतलेली चादर घेतली, तिच्यात पिशवी तान्ह्या बाळासारखी गुंडाळली आणि पलंगाच्या पायथ्याशी ठेवून दिली. आता पलंगाच्या पायथ्याशी चादरीचं गाठोडं दिसलं की त्याचं काय करायचं, हे त्या घरात एकतीस वर्षं ठरलेलं होतं. बुधवारी सकाळी लॉन्ड्रीवाला आला आणि काकूंनी गाठोडं उचलून त्याच्या हातात दिलं.

"आज जड आहे हो काकू."

"अभ्रे असतील आत," काकू म्हणाल्या आणि गॅसवरचं दूध बघायला गेल्या.

काका तेव्हा पुढच्या खोलीत भाषण लिहीत होते. ते भाषण याच पिशवीवर होतं.

भिंगकाका टपाल कचेरीच्या छाननी विभागात अडतीस वर्षं होते. कोंबडी चालल्यासारखं अक्षर असो नाहीतर पावसात भिजून पत्ता वाहून गेलेला असो, काका भिंग लावायचे आणि वाचून दाखवायचे. निवृत्त झाल्यावर भिंग राहिलं आणि वाचायला काही उरलं नाही. दोन महिने त्यांनी औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचून काढली आणि काकूंना भंडावून सोडलं. तेवढ्यात त्यांना जुन्या सैनिकी पिशव्यांचं मंडळ सापडलं. त्या मंडळाचे आपल्यावर किती उपकार आहेत, हे काकू आजही मोकळेपणाने सांगतात.

मंडळात सभासद नऊ. ब्रिटिश लष्कराने महायुद्धानंतर मोडीत काढलेल्या जाड कापडाच्या पिशव्या गोळा करायच्या आणि त्यांच्यावरचे शिक्के ओळखायचे, हे काम. झाकण उलटायचं, टॉर्च तिरका धरायचा आणि कारखान्याचं नाव, साल आणि सरकारी मालाची बाणासारखी खूण शोधायची. सापडलं की मंडळाच्या मोठ्या वहीत नोंद व्हायची. वहीत तीन रकाने होते: 'कारखाना', 'साल' आणि 'कोणाची'. तिसरा रकाना सहा वर्षांत एकदाही भरला गेला नव्हता. पिशवी पाठीवर घेऊन कोण कुठे चाललं होतं, हे शिक्क्यावरून कसं कळणार? तो रकाना छापला हीच चूक झाली, असं आता सगळे म्हणत.

अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर. त्यांनी मंडळ काढलं त्याला एक कारण होतं, आणि ते कारण प्रत्येक बैठकीत ऐकावं लागे. त्यांचे वडील लष्करी दवाखान्यात जखमांना मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. युद्ध संपल्यावर ते घरी आले ते एक पिशवी घेऊन. तीच पिशवी लहानपणी डॉक्टरांचं दप्तर झाली. बारा वर्षांपूर्वी घराला रंग काढताना डॉक्टरांच्या बायकोने माळा साफ केला आणि पिशवी भंगारात गेली. तेव्हापासून डॉक्टर दिसेल ती पिशवी उघडून बघत. बायकोशी ते बोलत होते, नाही असं नाही, पण माळ्याचा विषय निघाला की उठून जात.

या मंडळात भिंगकाकांची पत सुरुवातीलाच गेली होती. पहिल्याच वर्षी त्यांनी एका पिशवीच्या आतली पुसट ओळ दुर्मीळ कारखान्याची म्हणून सादर केली होती, आणि डॉक्टरांनी टॉर्च मारून ती सर्वांसमोर वाचली होती: 'थंड पाण्यात धुवा.' तेव्हापासून काका आले की कोणीतरी हळूच म्हणे, "पाणी गार आहे ना?" काका हसत, पण घरी येऊन जेवत नसत.

म्हणून या पिशवीवर त्यांचा जीव टांगलेला होता. भंगारवाल्याकडे मिळालेली ती पिशवी आतबाहेर गर्द हिरवी होती. फक्त झाकणाखाली, बक्कलाच्या आडोशाला, एक पुसट खूण होती: चौकोन, चौकोनात टिंब, खाली ४१. अशा खुणेचा कारखाना कोणत्याच यादीत नव्हता. एक्केचाळीस हे साल असणार, हे उघड होतं. शिवाय पट्ट्याच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या. काकांनी ती मागच्या बैठकीत भीतभीत पुढे केली. डॉक्टरांनी चष्मा सरकवला, पट्टा बोटांनी दाबून बघितला.

"खेचर," ते म्हणाले. "सामान वाहणारं. आणि ही खूण आपण कधी पाहिलेली नाही. अभिनंदन काका, नवा कारखाना आहे."

कोणीही पाण्याचं नाव काढलं नाही. काका त्या दिवशी घरी येऊन दोनदा जेवले. रविवारच्या प्रदर्शनाच्या पत्रिकेत छापून आलं: 'अज्ञात कारखान्याचा शोध.'

शनिवारी दुपारी भाषण पूर्ण झालं आणि काका पिशवी घ्यायला उठले. पलंगाच्या पायथ्याशी काही नव्हतं. पलंगाखाली काकूंच्या चपला होत्या.

"अगं, इथली चादर कुठाय?"

"धुवायला दिली. बुधवारीच."

"तिच्यात माझी पिशवी होती."

काकूंचा हात तोंडाशी गेला. "मला वाटलं अभ्रे."

"अभ्ऱ्याला बक्कल असतं का गं?"

"चादरीत पिशवी असते का हो?" काकू म्हणाल्या. काकांनी पायात चपला सरकवल्या. त्यातली एक काकूंची होती, ते कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं. काकू मागून दुसरी घेऊन आल्या.

लॉन्ड्रीत वाफ भरली होती. काउंटरमागे तारेवर पिशवी टांगलेली होती. हिरवा रंग पार गेला होता आणि खाली फिकट खाकी कापड निघालं होतं, कडक, स्वच्छ, झाकणाला इस्त्रीची घडी. लॉन्ड्रीवाला कौतुकाची वाट बघत उभा होता.

"चारदा पाणी बदललं काका. नुसता ऑइलपेंट. लष्करी दिसावी म्हणून कोणीतरी फासला होता. दोन दिवस सोड्याच्या पाण्यात भिजत ठेवली तेव्हा कुठे सुटला."

काकांनी झाकण उलटलं. खूण होती. नुसती होती नव्हे, काळीभोर, ठळक, काल काढल्यासारखी होती. चौकोन, टिंब, ४१.

"हे कोणी केलं?" काकांनी विचारलं.

"मीच. पुसट झाली होती ना. म्हटलं, हात लावलाच आहे तर गिरवून देऊ. शाई पक्की आहे. कापड फाटेल पण खूण जायची नाही."

"अहो, ती कारखान्याची खूण होती."

"कसला कारखाना? ती बाबांची खूण आहे."

काकांनी काउंटर धरला. काकूंनी काकांना धरलं.

"तुमचे वडील पिशव्या बनवायचे?" काकूंनी विचारलं.

"छे हो. हीच लॉन्ड्री. कपडे एकमेकांत जाऊ नयेत म्हणून प्रत्येक घराला खूण द्यायचे. चौकोनात टिंब म्हणजे पाण्याच्या टाकीमागची गल्ली. त्रिकोण म्हणजे शाळेकडची. खाली आम्ही त्या घराला दिलेला नंबर. बाबांचा चौकोन उजवीकडे जरा उतरता असायचा. बघा, हा तसाच आहे. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली, आणि त्यांच्या रेषेवरून हात फिरवायला मिळाला. तुम्ही पिशवी दिलीत म्हणून हो काका. फार उपकार झाले."

आता अशा माणसावर ओरडायचं कसं? काकांनी सवयीने खिशातलं भिंग काढलं आणि पिशवीच्या आत बघितलं. रंगाखाली दडलेला खरा शिक्का मागच्या बाजूला निघाला होता, कारखाना, साल बेचाळीस आणि बाण, सगळं स्वच्छ. मंडळातल्या दर तिसऱ्या पिशवीवर असतो तोच कारखाना. म्हणजे शोध गेला, आणि उद्याच्या प्रदर्शनात थंड पाण्याच्या जोडीला लॉन्ड्रीही आली.

"एक्केचाळीस नंबर कोणाचा, ते तरी आहे का?" काकूंनी सहज विचारलं.

लॉन्ड्रीवाल्याने कपाटातून कापडी बांधणीची वही काढली, फुंकर मारली आणि पानं उलटली. शाई फिकी होती, अक्षर किरटं होतं. त्याला लागेना, तेव्हा काकांनी भिंग लावलं आणि वाचलं.

"'टाकीमागे. निळं फाटक. ड्रेसर. पोराचं दप्तर दर सुट्टीत येतं. पट्टा पोराने चावलेला, आपल्याकडून नाही.'"

निळं फाटक काकांच्या ओळखीचं होतं. दर महिन्याच्या बैठकीला डॉक्टरांकडे त्याच फाटकातून आत जायचं असे.

घरी येताना काका म्हणाले, "दुसरी एखादी पिशवी नेली उद्या, तर? ही पिशवी लॉन्ड्रीत खराब झाली म्हणून सांगता येईल. खोटंही नाही."

काकूंनी पिशवी छातीशी धरली होती. "तुम्ही अडतीस वर्षं काय केलंत?"

"म्हणजे?"

"पत्ता वाचता आल्यावर वस्तू ठेवून घ्यायचात का?"

त्या दिवशी काका घरी येऊन जेवले.

रविवारी सभागृहात टेबलं मांडली होती. सभासदांच्या बायका, भाऊ, भाचरं मिळून चाळीस माणसं होती. लॉन्ड्रीवालाही इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. काकूंनीच बोलावलं होतं. काका उभे राहिले. भाषणाचे सात कागद त्यांनी घडी करून खिशात टाकले.

"मी सादर करणार होतो ती खूण कारखान्याची नाही," ते म्हणाले. "लॉन्ड्रीची आहे."

कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "पाणी गरम होतं का?" आणि हशा पिकला. काका थांबले, हसू ओसरू दिलं, आणि टपाल वाटावं तशा सपाट आवाजात वहीतली नोंद म्हणून दाखवली. टाकीमागे. निळं फाटक. ड्रेसर. पोराचं दप्तर.

हशा कुठल्या कुठे गेला. डॉक्टर खुर्चीतून उठले ते टेबलाशी आले. त्यांनी झाकण उघडलं नाही, टॉर्च काढला नाही. पिशवी नुसती दोन्ही हातांत धरली. मग पट्ट्याचं टोक उचललं आणि चष्म्याजवळ नेलं.

"मागच्या बैठकीत मी हिला अर्धा तास बघत होतो," ते म्हणाले. "शिक्का बघत होतो. पिशवी बघितलीच नाही."

"आणि खेचर?" एका सभासदाने विचारलं. असा माणूस प्रत्येक मंडळात असतो.

"खेचर मीच," डॉक्टर म्हणाले. "दुधाचे दात आहेत. डावा सुळा वाकडा होता माझा. पाढे आले नाहीत की पट्टा चावायचो. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बघतोय, आणि स्वतःचे दात ओळखता आले नाहीत."

मग त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलं नाही. आधी ते लॉन्ड्रीवाल्याकडे गेले आणि त्याचे दोन्ही हात धरले. "तुमच्या वडिलांनी लिहून ठेवलं म्हणून घरी आली हो," ते म्हणाले. लॉन्ड्रीवाला म्हणाला, "एक्केचाळीस नंबर अजून कोणाला दिलेला नाही. निळ्या फाटकाचाच आहे." नंतर डॉक्टर काकूंकडे आले, आणि ती चादर धुवायला दिल्याबद्दल त्यांनी काकूंचे मनापासून आभार मानले. काकूंनी काकांकडे असं बघितलं की पुढची दहा वर्षं हा प्रसंग कुठल्या वादात कसा वापरायचा, ते तिथेच ठरलं.

लॉन्ड्रीवाला मग उत्साहाने इतर टेबलांवरून फिरायला लागला. तिसऱ्या टेबलावर तो वाकला. "अरे, त्रिकोण. ही शाळेकडची, सतरा नंबर." त्या सभासदाने 'अतिदुर्मीळ' अशी पाटी हळूच खिशात घातली. बाकीच्यांनी आपापली झाकणं बंद केली.

डॉक्टरांनी मंडळाची वही मागवली. कारखाना, नेहमीचा. साल, बेचाळीस. तिसऱ्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. सहा वर्षांचा तो कोरा रकाना त्यांनी सावकाश भरला, वडिलांचं नाव लिहिलं, आणि बाजूला समासात लिहिलं: 'शोध: भिंगकाका.' वही फिरवून त्यांनी काकांपुढे धरली. काकांना ते भिंगाशिवाय वाचता येत होतं, तरी त्यांनी भिंग लावून वाचलं, कारण डोळ्यांपुढे काहीतरी धरायची गरज होती.

"बारा वर्षं मी हिला बोल लावत होतो," डॉक्टर बायकोकडे हात करून सगळ्यांना म्हणाले. "माळा साफ केला म्हणून. चुकलं माझं."

डॉक्टरांच्या बायकोने पिशवी घेतली आणि त्यांच्या खांद्याला अडकवली. पट्टा दहा वर्षांच्या पोराच्या मापाचा होता, त्यामुळे पिशवी काखेतच अडकली. डॉक्टर तसेच ताठ उभे राहिले, काढायला तयार नव्हते.

"घरी चला आता," ती म्हणाली. "वाटेत पट्टा तोंडात घालायचा असेल तर आधी कवळी काढून माझ्याकडे द्या."