शब्बीरभाईंची खुल्ली गिटार

ट्रकच्या हॉर्नवर गिटार सुरात लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शब्बीरभाई. वणीत चंद्रपूर रोडला त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान, मागे घर. कोळशाच्या एका ट्रकला तीन तोंडांचा हॉर्न होता. तो ट्रक समोर थांबला की हे हातातलं काम टाकून घरातून गिटार आणत आणि ड्रायव्हरला ओरडून सांगत, "दाब बे, अजून दाब!" सगळा रस्ता दणाणत असताना हे डोळे मिटून एकेक खुंटी पिळत. शेजारचा चहावाला कानात बोटं घालून उभा राही.

मी शाळामास्तर. चार वर्षं त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. कॉलेजात गिटारचा क्लास केलेला, त्यामुळे अंगात विद्या थोडी आणि शिष्टपणा भरपूर. जग गिटार लावतं तशी यांची लावलेली नव्हतीच. एकही तार न दाबता नुसता हात फिरवला तरी सहाही तारांतून भरघोस, गोड असा एकच मेळ निघायचा. डाव्या हाताला कामच नाही.

"शब्बीरभाई, ही चुकीची लागली आहे. तारा बोटांनी दाबायच्या असतात."

"दाबाच्या कायले, मास्तर? खुल्लं वाजू द्या नं!"

हे त्यांचं सगळ्याच बाबतीतलं मत. शर्टाची वरची तीन बटणं खुल्ली, फाटक खुल्लं. मिक्सरचं झाकण दाबून धरायलाही त्यांचा विरोध असावा, कारण त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला शेंगदाण्याची चटणी लागलेली मी स्वतः पाहिली आहे. गिटार त्यांना एका ऑर्केस्ट्रावाल्यानं पार्टी मोडल्यावर देऊन टाकलेली. वाजवा म्हटलं की तारांवरून पितळी पाइपचा तुकडा सरकवत दोन मिनिटं काहीतरी वाजवत आणि लगेच ठेवून देत. वर ताकीद, "तिचे कान नका पिळू कोणी."

मी दुपारी शाळेतून येई, तेव्हा ते जेवायला घरात असत. थोड्या वेळानं खालून गिटार सुरू होई. झणन्. थांबा. झणन्. तासभर तेच. साठीच्या माणसानं इतका रियाज करावा आणि एक पाऊल पुढे जाऊ नये, याची मला कीव येई. त्यांच्या पत्नी, भाभी, बिचाऱ्या हे कसं सोसतात, असंही वाटे. लकव्यानं त्यांचा डावा हात गेला होता, दिवसभर खाटेवरच असत. सकाळी मी निघालो की आतून विचारत, "मास्तर, डब्बा घेतला का?" घेतला म्हटल्याशिवाय मला सोडत नसत.

ईद जवळ आली होती. एका रविवारी शब्बीरभाई पहाटेच सामान आणायला यवतमाळला गेले. मी नागपूरहून नव्या तारा मागवून ठेवल्याच होत्या. ओसरीतल्या खिळ्यावरची गिटार काढून गुपचूप वरच्या खोलीत नेली, गंजलेल्या तारा फेकल्या, नव्या चढवल्या आणि मोबाइलवर बघून अगदी शास्त्रोक्त लावली. खाली नेऊन परत खिळ्याला अडकवली आणि वर जाऊन शाबासकीची वाट पाहत बसलो. इतकं समाधान मला दहावीच्या निकालातही मिळालं नव्हतं.

दुपारी शब्बीरभाई आले. गिटार आत गेली. मी जिन्यात येऊन कान लावला.

एकदा वाजली. विस्कटलेली. पुन्हा वाजली. मग घाईघाईनं तीनदा, चारदा. आणि मग भाभींचा आवाज आला, घाबरलेला.

"अजी, देखो ना... मेरा ये भी हाथ गया क्या?"

मी धावतच खाली गेलो. भाभी खाटेवर टेकून बसल्या होत्या, मांडीवर गिटार, आणि उजवा हात डोळ्यांसमोर धरून त्याची बोटं हलवून बघत होत्या. रोज दुपारी त्याच वाजवत होत्या. मी कसंबसं सांगितलं, की तारा मी बदलल्या.

शब्बीरभाई रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "सुना? हाथ बराबर है तेरा." मग खाली बसून ते एकेक तार सैल करू लागले. माझ्याकडे न बघता बोलले, "ढोलक वाजवे ही, मास्तर. हिच्याबिगर आमच्यात कोणाची मेहंदी नसे होत. ढोलकले दोन हात लागते. हात गेला तं चार महिने बोललीच नाही कोनाशी. म्हून हे असं लावून देल्लं, का एका हातानं पुरं वाजलं पायजे."

हॉर्नवाला ट्रक नव्हता, नुसत्या कानानं लावायला अर्धा तास लागला. माझ्या चार वर्षांच्या शहाणपणाची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. शेवटची खुंटी बसल्यावर त्यांनी गिटार भाभींच्या मांडीवर ठेवली. भाभी हात उचलेनात. शब्बीरभाईंनी त्यांचा हात धरून तारांवर नेऊन ठेवला आणि सोडला.

भाभींनी तो हळूच खाली ओढला. सहाही तारा एकदम बोलल्या. त्यांनी पुन्हा ओढला, पुन्हा एकदा, आणि मग आपल्याच हाताकडे बघून हसल्या. माझे डोळे भरून आले होते. वर जायला निघालो तर मला जिना दिसेना.