पगारे सिस्टर आणि तळव्यांच्या जोड्या

पगारे सिस्टर माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघतात. एका रविवारी सीबीएसच्या बस स्टँडवर, ऐन गर्दीत, त्यांनी मला गाठलं. नमस्कार नाही, कसे आहात नाही. "तळवा बघू," म्हणाल्या. शेजारी आमच्या ऑफिसचे साहेब उभे होते. मी हळूच म्हणालो, "सिस्टर, मला शुगर नाही हो."

"बापाला हाय ना? मग काढा बूट."

पेठच्या गाडीची वाट बघणाऱ्या तमाम प्रवाशांसमोर मी एका पायावर उभा राहून मोजा काढला. सिस्टरांनी वाकून तळवा पाहिला, बोटांच्या बेचक्या पाहिल्या आणि मगच मान वर केली. "मास्तरांना घरी पाय लोंबता सोडून बसू देत नाय ना?" एवढं विचारून त्या निघून गेल्या. साहेब त्यानंतर आठवडाभर माझ्याशी जरा लांबूनच बोलत होते.

मास्तर म्हणजे माझे वडील, अण्णा. निवृत्त शिक्षक, जुनी शुगर आणि त्याहून जुना हट्ट. सिस्टरांची ओळख झाली त्या वर्षी भर चैत्रात ते वणीच्या गडाच्या पायऱ्या अनवाणी चढले. शुगरने तळव्यांची जाणीव गेलेली, त्यामुळे भाजलेलं त्यांना कळलंच नाही. घरी आल्यावर फरशीवर ओले डाग उमटले, ते आईने पाहिले. अंगठ्याखालची ती जखम दोन महिने भरेना. शेवटी सर्जनसाहेबांनी सांगितलं, "अजून पंधरा दिवस बघू. नाहीतर अंगठा काढावा लागेल. कदाचित पाऊलसुद्धा." त्या दिवसापासून ऑफिसात टिपणी लिहितालिहिता मी टेबलाखाली स्वतःच्याच पायाची बोटं मोजायला लागलो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा. अण्णांना मी रोज ड्रेसिंगला न्यायचो तो दवाखाना एका ट्रस्टचा. ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टरांच्या जागा तीन. एक सिस्टर आखातात नोकरीला गेली, दुसरी बाळंतपणाला गेली ती परतलीच नाही. उरल्या नांदगावच्या पगारे सिस्टर. बुटक्या, कधी न बसणाऱ्या, आणि मे महिन्यातही पायात जाड पांढरे मोजे. खोलीतल्या एकुलत्या एक स्टुलावर त्यांनी कापसाचा डबा ठेवलेला असायचा. बाहेरच्या बाकांवर रोज तीस-पस्तीस पेशंट.

यावर त्यांनी काढलेली तोड म्हणजे जोड्या. "स्वतःचा तळवा कोणालाच दिसत नाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "आणि मला डोळे दोनच हायेत. एकमेकांचे बघा!" दोघांनी समोरासमोर बसायचं, मांडीवर धुतलेलं फडकं घ्यायचं, त्यावर दुसऱ्याचा पाय घ्यायचा, वरची पट्टी सोडायची आणि रंग सांगायचा. "काळं दिसलं की हाक मारा, पिवळं दिसलं तर थांबा, लाल दिसलं तर भरतंय, घरी जा, उद्या या. आणि जखमेला बोट लावाल तर तुमचंच बोट बांधून ठेवीन." काळ्याला त्या हातातलं काम टाकून धावत. सिग्नलच्या उलटा हा कारभार, पण त्यामुळेच एका सिस्टरात ती रांग दुपारपर्यंत संपायची.

अण्णांची जोडी जमली सटाण्याकडच्या एका कांद्याच्या आडत्याशी, भिला शेठशी. अण्णा पहिल्या दिवशी ताठच. जन्मात कधी कोणाला पाय लावला नाही, आणि आता परक्या माणसाच्या मांडीवर ठेवायचा! पण भिला शेठने कांद्याचा नमुना पारखावा तसा तो पाय उजेडात धरला आणि म्हणाला, "मास्तर, कड लाल शे. बाकी पिवळं शे." चौथ्या दिवशी दोघं जखमा विसरून पावसापाण्याच्या गप्पा मारायला लागले.

मग एक दिवस भिला शेठ लिलावासाठी लासलगावला गेला. सिस्टरांनी त्याच्या जागी मला बसवलं. मी फडकं घेतलं, पट्टी सोडली, आणि जखमेकडे बघायची हिंमतच होईना. मी डोळे मिटले. आतून सिस्टरांचा आवाज आला, "रंग?"

"लाल!" मी ओरडलो.

"मग उद्या या."

दुसऱ्या दिवशी भिला शेठने पट्टी सोडली आणि ताडकन ओरडला, "सिस्टर, काळं शे!" जखमेची एक कड काळी पडली होती. पंधरातले नऊ दिवस गेले होते. सिस्टरांनी मेलेली कातडी कापून काढली, जखम धुतली, बांधली. मग मला कोपऱ्यात घेतलं.

"काल तुम्ही बघितलंच नाय."

मी मान खाली घातली. बापाचा पाय आपण घालवला, एवढंच डोक्यात होतं.

"भीती वाटती तर सांगायचं, भीती वाटती. लाल नाय सांगायचं."

पुढचे सहा दिवस मी रजा काढली आणि डोळे उघडे ठेवून बघितलं. जे दिसलं तेच बोललो. सिस्टर पहिल्या दिवसापासूनच साडीच्या पिशवीचं प्लास्टिक स्पिरिटने पुसून जखमेवर धरायच्या आणि कड पेनाने गिरवून ठेवायच्या. पंधराव्या दिवशी त्यांनी ते सगळे तुकडे सर्जनसाहेबांपुढे एकावर एक ठेवले. सगळ्यात खालचा आकार लिंबाच्या फोडीएवढा होता, वरचा वाटाण्याएवढा. "चालू ठेवा," साहेब म्हणाले. मला तिथेच भोवळ आली, तर सिस्टरांनी मला धरून आधी माझे बूट काढले.

शेवटच्या ड्रेसिंगला आम्ही दुपारी गेलो. बाकं रिकामी होती. अण्णांचा तळवा कोरडा, गुलाबी. भिला शेठ मागच्याच आठवड्यात बरा होऊन गेला होता. मी निरोपाचं काहीतरी बोलणार, तेवढ्यात सिस्टरांनी कापसाचा डबा खाली ठेवला आणि त्या स्टुलावर बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्यांनी एक जाड मोजा खाली सरकवला. आत पट्टी होती. "दिवसभर उभं राहून शिरा फुगल्या, त्याचं हे. घोट्याच्या मागं हाय, मला दिसत नाय. घरी दाखवायला कोणी नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही बघा. आता तुम्ही खोटं नाय सांगणार."

मी गुडघ्यावर बसलो, पट्टी सोडली आणि नीट बघितलं.

"पिवळं आहे, सिस्टर. खालच्या बाजूला काळं."

त्या हसल्या. "काळं म्हणजे हाक मारायची. पण इथं तर सगळे मलाच मारतात. मी कोणाला मारू?"

माझ्या मागे बाकावर अण्णा होते. त्यांनी चष्मा चढवला, धुतलेलं फडकं उचलून आपल्या मांडीवर पसरलं आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, या. पाय इकडे ठेवा."