अर्ध्या गुंजेची ओ

मी एका चातुर्मासात मौनभोजनाचा वसा घेतला होता, त्यामुळे पुढे सरकारने माझा आवाज जप्त करून नेला तेव्हा घरात फारसं कोणाचं अडलं नाही. मौनभोजन म्हणजे पानावर बसलं की हात धुवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. काढलाच तर तसंच उठायचं, पानातलं गाईला घालायचं आणि तो दिवस उपास. चार महिने पाळून झालं की उद्यापनाला देवळात घंटा बांधायची. आपण इतके दिवस गप्प राहिलो, तर देवाच्या दारात आपल्यातर्फे काहीतरी वाजायला हवं ना, असं माझी आई सांगायची.

आमच्या गावच्या कोर्टाचा नियम असा, की फौजदारी खटल्यात सरकारतर्फे साक्षीदार झालं, की साक्ष होईपर्यंत आवाज कोर्टात जमा करायचा. पूर्वी साक्षीदार आवाज घरीच ठेवत. मग वर्षं जात, कोणी त्यांना भेटे, कोणी समजावे, कोणी दटावे, आणि पिंजऱ्यात उभं राहिल्यावर भलतंच काहीतरी निघे. त्याला फितूर होणं म्हणतात. आवाज लाखेच्या सीलखाली राहिला तर फितूर होत नाही, असं सरकारचं म्हणणं आहे, आणि ते मला पटतं.

खटला शेजारच्या मंजिरीचा होता. आमची आणि त्यांची मधली भिंत सामाईक. तेवीस वर्षांची सून, तापाने फणफणलेली, दोन दिवस खोलीत होती आणि तिसऱ्या दिवशी गेलेली सापडली. तिचा नवरा आणि सासू म्हणाले, झोपू दिलं होतं, दार उघडंच होतं. दाराला बाहेरून कडी होती की नव्हती, एवढाच काय तो खटला.

मी जबाब दिला. हवालदार म्हणाले, "काकू, बरणी घरचीच आणायची असते. सरकारी बरण्या संपल्यात."

मी लिंबाच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी रिकामी केली, धुतली, उन्हात वाळवली. पंच म्हणून आळीतले सोनार आले होते. त्यांच्यासमोर मी बरणीच्या तोंडाशी तोंड नेऊन 'हरी हरी' म्हणत राहिले, तो एकदा ओठ हलले आणि काही ऐकूच आलं नाही. दादरा बांधला, लाख ओतली. सोनारांनी काट्यावर घालून सांगितलं, "चार तोळे."

"एवढाच?" आमचे हे म्हणाले. "घरी तर खंडीभर वाटायचा."

"बाईमाणसाचा साधारण एवढाच भरतो," सोनार म्हणाले. "बाकीचा भांड्यांचा असतो."

पंचनाम्यात चार तोळे लिहिले. एक साधा शब्द म्हणजे एक गुंज, जोडाक्षराला अर्धी जास्त, आणि शहाण्णव गुंजांचा तोळा, हेही खाली टिपेत होतं.

त्यानंतर तारखा लागू लागल्या. तारखेला अकरा वाजता मुद्देमाल सांभाळणारे नाझर तांबोळीभाऊ सील तोडत. मी बरणी तोंडाला लावून आवाज ओढून घ्यायचा आणि तोंड मिटून बाकावर बसायचं. तारीख पुढे गेली की आवाज परत बरणीत. बरणीच्या अंगाला तूप लागावं तसा थोडा लागून राहतोच. त्यासाठी दर तारखेला नऊ गुंजा घट मंजूर होती. दहावी गुंज कमी भरली तर साक्षीदाराने मुद्देमालात हात घातला असं धरत, आणि अख्खी बरणी बाद होई. आरोपीचे वकील प्रत्येक वेळी काट्यापाशी वाकून उभे राहात.

सरकारी वकील बेलसरेसाहेब. पहिल्या तारखेला त्यांचे केस काळे होते. मी पाटीवर लिहून विचारलं, "मी काय बोलायचं?"

"ते मी सांगायचं नसतं, बाई. मी फक्त विचारायचं."

मग लिहिलं, "तुम्ही मंजिरीचे वकील ना?"

"नाही. मी सरकारचा. मंजिरीला वकील नाही." त्यांनी चष्मा पुसला. "तिला नुसते साक्षीदार आहेत."

तेव्हा आम्ही सात होतो. पहिल्या दोन वर्षांत दूधवाल्याची बरणी मांजराने पाडली असं निघालं. समोरच्या नलूताईंनी मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायला कोर्टाची परवानगी काढून आवाज चार दिवस घरी नेला. परत आणला तेव्हा वजन पाव तोळा वाढलेलं. आत कोणीतरी साखर घातली होती. वजन कमी भरलं तरच गुन्हा, वाढलं तर नियमात काही नव्हतं. नलूताई पिंजऱ्यात उभ्या राहून इतक्या गोड बोलल्या, की त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. असं करत करत मी एकटी उरले.

प्रत्येक तारखेला मंजिरीची आई यायची. सिंधूताई. एसटीने तीन तास, सोबत डबा. मला अर्धी भाकरी देऊन दरवेळी विचारायच्या, "काय म्हणाली हो शेवटी ती? तुम्हीच ऐकलंत ना?"

आवाज असला तरी सांगायची मला मुभा नव्हती, आणि पाटीवर लिहिलं तर पुरावा फुटला असता. मी भाकरी खायची. त्या म्हणायच्या, "बरं, पुढच्या तारखेला ऐकू." आणि डब्याचं झाकण लावायच्या.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल लिहायला हवं. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाणा घ्यायला उभं केलं तेव्हा मला ऐन नावावर ठसका लागला, पाणी आणलं, आणि नाव राहिलं ते राहिलंच. हे आयुष्यभर चिडवायचे, "आमची बायको आम्हाला अजून लागू झालेली नाही. नाव घेतलंच नाही ना!" मी 'अहो' म्हणायची. मी 'अहो' म्हटलं की हे मुद्दाम तीन हाका होईपर्यंत ओ द्यायचे नाहीत. आवाज गेल्यावर मी पळीने ताट वाजवून बोलवायची, तर पहिल्याच ठोक्याला यायचे.

आठव्या वर्षी ह्यांना सिव्हिल हॉस्पिटलात ठेवलं. हॉस्पिटल कोर्टाच्या पाठीलाच आहे. त्या दिवशी तारीख होती. आवाज मिळाला, आणि मग कळलं, जजसाहेब रजेवर आहेत. तांबोळीभाऊ म्हणाले, "काकू, दोनला या, परत भरून घेऊ. तोवर तोंड सांभाळा."

मी दवाखान्यात गेले. ह्यांनी माझ्या मिटलेल्या ओठांवरूनच ओळखलं.

"आहे ना गं आत?"

मी मान हलवली.

"मग एकदा 'अहो' म्हण."

मी पाटी काढली. लिहिलं, "घट दाखवतील."

"किती लागतं 'अहो'ला?"

"एक गुंज."

"अरेरे," हे पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "ऐकलंत का? बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला गुंजभर 'अहो' नाही."

म्हातारा म्हणाला, "वहिनी, म्हणून टाका. पाणी पिऊन वजन भरा."

मी पाटीवर मोठ्या अक्षरात 'अहो' लिहून ह्यांच्यापुढे धरलं. ह्यांनी ते बराच वेळ पाहिलं. "वाचता येतं गं मला," म्हणाले. मग माझा हात थोपटला. "राहू दे. त्या पोरीचं आहे ते. तिच्यातलं आपण कशाला खायचं?"

दोन वाजता काट्यावर नऊ गुंजा घट भरली, दहावी नाही. तांबोळीभाऊंनी शेरा लिहिला, 'बरोबर'.

आठ दिवसांनी हे गेले. रडायला आवाज लागतो हे मला तेव्हा कळलं. आळीतल्या बायका जमल्या, त्यांनी माझ्यातर्फे हंबरडा फोडला. पद्धतशीर फोडला, मला काही तक्रार नाही.

माझी साक्ष लागली तेव्हा बत्तीस तारखा झाल्या होत्या आणि बरणीत बरोबर एक तोळा उरला होता. बेलसरेसाहेबांचे केस पांढरे झाले होते. ते कोर्टाला म्हणाले, "साक्षीदाराजवळ आवाज मोजका आहे. नाव कागदोपत्री आहेच. मधलं नाव वगळायची परवानगी असावी." जजसाहेबांनी दिली.

शिपायाने पुकारा केला. मी पिंजऱ्यात गेले. साक्षीला बरणी काट्यावरच ठेवतात, लागेल तेवढा आवाज ओढून बोलायचं.

"नाव?"

मी म्हटलं, "कुमुदिनी दिगंबर साबणे."

माझाच आवाज, पण नऊ वर्षं बरणीत मुरलेला, लिंबासारखा जरा आंबट. मधल्या नावावर ठसका लागला नाही. काट्यावर तीन गुंजा उतरल्या. बेलसरेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पण रागावले नाहीत.

मग त्यांनी सरतपासणी अशी घेतली, की बहुतेक उत्तरं मान हलवून देता यावीत. शेवटी म्हणाले, "आता तोंडाने सांगा. भिंतीपलीकडून काय ऐकू आलं?"

"मंजिरीची हाक. 'काकू, कडी काढा. बाहेरून लावलीय.'"

"किती वेळा?"

"तीन वेळा. तिसऱ्यांदा नुसतंच 'काकू'."

मागच्या बाकावर सिंधूताई होत्या. त्यांनी मान खाली घातली नाही. ओठ हलवून त्या ते शब्द स्वतःशी म्हणून पाहात होत्या, पाठांतर करावं तसे.

आरोपीचे वकील उलटतपासणीला उठले. त्यांना घाई नव्हती. माझा आवाज संपायचीच ते वाट बघत होते. बरेच इकडचे तिकडचे प्रश्न विचारून म्हणाले, "हाक ऐकलीत. मग काय केलंत?"

"जेवले," मी म्हटलं.



"म्हणजे?"

"मौनभोजन होतं. चार घास उरले होते. ते संपवले, हात धुतले, मग गेले. सासूबाई दारात होत्या. म्हणाल्या, झोपलीय. आतून हाक आली नाही. मी परत आले."

"एक पोरगी हाका मारते आणि तुमच्यासारखी देवभोळी बाई जेवत राहते? हाक आलीच नसेल, बाई."

"आली," मी म्हटलं. "पानावरून उठायला हवं होतं."

नाझरांनी काटा पाहिला. "अर्धी गुंज शिल्लक, साहेब."

"अर्ध्या गुंजेत शब्द बसत नाही," आरोपीचे वकील म्हणाले. "उरलेला आवाज सरकारजमा व्हावा."

बेलसरेसाहेब उभे राहिले. "फेरतपासणी. एकच प्रश्न. साक्षीदाराने त्या हाकेला उत्तर देणं बाकी आहे का?"

"हरकत आहे. ह्या उत्तराने काय सिद्ध होतं?"

"काही नाही," बेलसरेसाहेब म्हणाले. "बाकी आहे, एवढंच."

जजसाहेबांनी थोडा विचार केला. "सरकारजमा करायला पुन्हा बरणी, पुन्हा सील, पुन्हा पंच," ते म्हणाले. "त्यापेक्षा इथेच खर्च होऊ दे. घ्या."

माझ्याजवळ अर्धी गुंज होती. 'अहो'ला एक अख्खी लागते. पण ह्यांचं नाव घेऊन झालं होतं, आणि 'अहो'चा शेवट तरी कुठे वेगळा असतो? मी सिंधूताईंच्या बाजूला तोंड केलं आणि म्हटलं,

"ओ."

टायपिस्टने टाइप केलं आणि विचारलं, "साहेब, पुढे पूर्णविराम देऊ?"

"नको," जजसाहेब म्हणाले. "नुसतंच राहू दे."

काटा रिकामा झाला. रिकामी बरणी मला सहीनिशी परत मिळाली. बाहेर सिंधूताईंनी डबा उघडला, अर्धी भाकरी दिली. त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. आम्ही जेवलो, आणि जेवताना त्याच बोलत राहिल्या. मंजिरी लहानपणी कडी वाजवून कशी पळून जायची ते सांगत होत्या.

निकालाची तारीख लागायची आहे. बेलसरेसाहेब म्हणतात, एका साक्षीवर टिकेल न टिकेल, सांगता येत नाही. मला वाटतं टिकेल. मला आवाज आता मिळायचा नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे. त्या वर्षीचं उद्यापन राहून गेलं होतं, ते परवा केलं. देवळात घंटा बांधली, लहानशीच. मुलांचा हात पोचावा म्हणून जरा खाली बांधली आहे.

बायांनो, तुमच्याकडे कधी हवालदार आले, तर बरणी धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून द्या, आणि आत साखर पडू देऊ नका. वसा घेतलात तर मनापासून पाळा. पण तुम्ही पानावर असताना भिंतीपलीकडून कोणी हाक मारली, तर तशाच उठा. गाईला घास जाईल, तुम्हाला उपास घडेल, देव काही म्हणणार नाही. खरकट्या हाताने दिलेली ओसुद्धा पोचते. वेळेवर तेवढी द्या.