सिद्रामप्पांचं विमान

सिद्रामप्पांच्या शुद्ध शाकाहारी हॉटेलात शिरणारं नवं गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारायचं, "मासे ताजे हायत का?" आणि सिद्रामप्पा गल्ल्यावरून उठून ओरडायचे, "विमान हाय ते! डोळं फुटल्यात का?"

सोलापूरहून मंगळवेढ्याला जाताना ज्वारीच्या रानाला लागून सिमेंटचं ते विमान उभं होतं. बांधणारा गवंडी मंद्रूपचा. त्यानं विमान पाहिलेलं फक्त आभाळात, तेही खालून. त्यामुळे पंख आखूड झाले, शेपटी फताडी झाली आणि दार नेमकं तोंडात आलं. सत्तरच्या दशकात मी कचेरीच्या कामाला एस.टी.नं तिकडून जायचो, चहाला उतरायचो. पण आपण विमानात बसलोय की माशाच्या पोटात, हे मला कधी उमगलं नाही.

"साहेब, तुमी शिकलेले. काय दिसतंय सांगा."

"विमानासारखं... वाटतंय."

"सारखं न्हाय. विमानच की!"

धंदा बसत चालला. मासे खाणारे तोंड पाडून परत जायचे, न खाणारे नाक दाबून पुढं जायचे. रंगारी हुसेनभाई एकदा म्हणाला, "अप्पा, मच्छी बोलके छोड दो. झगडा खतम." अप्पांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

हा हट्ट कशापायी, ते मला एका दुपारी कळलं. अप्पांची बायको गौरव्वा मोठ्या दुखण्यातून उठून माहेराहून यायची होती. हॉटेल तिनं अजून पाहिलंच नव्हतं. अप्पा खुर्च्या पुसत हळूच म्हणाले, "नवी नवरी असताना ती इचारायची, आपुन इमानात कवा बसायचं? मला जमलं न्हाय. मग म्हटलं, बांधूनच टाकू."

टांगा आला. गौरव्वा काठी टेकत उतरली. बारीक डोळ्यांनी तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लहान पोरीसारखी हसली.

"अय्यो! मासा! लई ग्वाड बांधलाय की वो!"

आम्ही सगळ्यांनी कप खाली ठेवले. आता काय होणार?

अप्पांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग ते म्हणाले, "व्हय. मासाच हाय. आत चल."

तिला पायरी चढवेना. अप्पांनी तिला अलगद उचललं आणि आत नेऊन खिडकीशी बसवलं. बाहेर एस.टी.चा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. आमच्यातलं कुणी जागचं हललं नाही.