दोन पायांना दोन औषधं

अख्ख्या जगाला गंडवता येईल, पण दुकानदाराला गंडवणारा अजून जन्माला यायचाय, असं मापकाकांचं ठाम मत होतं. मापकाकांचं दुकान चपलाबुटांचं. माणूस दारातून आत येतोय न येतोय तोच ते त्याच्या पायाचा नंबर सांगत, म्हणून हे नाव पडलेलं. बुटक्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाइकाचा पाय हातात घ्यायचा, बूट चढवायचा आणि म्हणायचं, "चालून बघा आरशापर्यंत!" गिऱ्हाईक चालून यायचं आणि हमखास कुरकुरायचं, "जरा सैल वाटतोय." त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं. "सैल नाही हो, मापाचा आहे. तुम्हालाच घट्टची सवय झालीये!"

पण गेले काही महिने खुद्द काकांच्याच पायांनी दगा दिला होता. तळव्यांना मुंग्या, बोटांची आग आणि मधूनच सुई टोचल्यासारखी कळ! पायाखाली फरशी आहे की कापूस, तेच कळेना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "नसांचं दुखणं दिसतंय. आधी रक्त तपासून घ्या." काका "बघू" म्हणाले आणि तिथून जे सटकले ते पुन्हा फिरकले नाहीत. दिवसभर पायात सुया सोसणाऱ्या माणसाला दंडात एक खरी सुई टोचून घ्यायची भयंकर भीती!

शेवटी लेकीने, म्हणजे दुकानाच्या अर्ध्या मालकिणीने, दम भरला. "बाबा, सांगून ठेवते. महिनाअखेर पाय बरे झाले नाहीत, तर तुम्ही गल्ल्यावर बसायचं. बूट मी घालून देणार."

"गल्ल्यावर? मी?" गवयाला तिकीटखिडकीवर बसवावं तसं काकांना वाटलं. उभा जन्म लोकांचे पाय हातात घेण्यात गेलेला. ते गेलं तर मग उरलं काय? पण चेहऱ्यावर तसं काही न दाखवता ते म्हणाले, "अगं, विकणाऱ्यांच्या सगळ्या युक्त्या मला ठाऊक आहेत. खात्रीचं औषध मी स्वतः शोधून काढतो!"

आणि शोध सुरू झाला. मोजा काढलेलं प्रत्येक गिऱ्हाईक सल्लागार ठरलं. शेजारच्या शिंप्याने हिरवं तेल दिलं. व्याह्यांनी लालभडक मलम पाठवलं. मेहुणीने गोळ्यांचा डबा दिला, ते बघून साडूंनी आणखी एक दिला, आणि मोबाइलवर हसऱ्या म्हाताऱ्याची जाहिरात बघून काकांनी दोन डबे स्वतःच मागवले. प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न, "खात्रीचं आहे ना?" आणि प्रत्येकाचं एकच उत्तर, "शंभर टक्के!"

आता शंभर टक्क्यांच्या एवढ्या गर्दीतून खरं कुठलं ते कसं ओळखायचं? काकांनी धंद्यातली रीत वापरली. गिऱ्हाइकाला दोन बुटांमधला एक निवडता येत नसला, की ते डाव्या पायात एक आणि उजव्यात दुसरा घालून त्याला चालायला लावत. तसंच आता डाव्या पायाला तेल, उजव्याला मलम! दुकान उघडलं की काका आरशापर्यंत चालत जात आणि परत येत. "डावा पुढे आहे," असं जाहीर करत.

अडचण आली ती गोळ्यांची. गोळी पोटात गेल्यावर तिला पाय कोण सांगणार? पण काकांकडे त्यालाही उपाय होता. डाव्या पायाची गोळी घेतली की ते डाव्या कुशीवर निजत, उजव्याची घेतली की उजव्या.

काकू बघत उभ्या राहिल्या. "काय हो, गोळी घरंगळत जाणार आहे का खाली?"

"प्रयोग आहे हा! तुला नाही कळायचं."

"खरंय. मला नाहीच कळत," काकू म्हणाल्या आणि हसू दाबत आत गेल्या.

महिनाअखेर जवळ आली. मुंग्या कमी होण्याऐवजी दुप्पट झाल्या! घाबरून काकांनी गोळ्याही दुप्पट केल्या आणि एके सकाळी तर पायाच्या सबंध पंजाला लाल मलम खसाखसा चोळलं. तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई सँडल घ्यायला आल्या. काका हात न धुताच पुढे धावले, बाईंचा पाय हातात घेतला, टाचेपासून बोटांपर्यंत नीट चाचपला आणि सँडल चढवली.

"चालून बघा आरशापर्यंत!"

बाई चालल्या. मग भरभर चालल्या. मग अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अहो, पाय पेटला माझा! काय घातलंय या सँडलमध्ये?"

"नवं चामडं आहे बाई, थोडं गरम..." काका चाचरले.

बाकावर बसलेले निवृत्त पोस्टमास्तर ताडकन उठले. "गरम? माझे पाय तर कित्येक वर्षं बर्फ! मला घाला बघू!" काकांनी त्याच हातांनी त्यांनाही सँडल चढवली. पोस्टमास्तरांचे डोळे विस्फारले. "अरे, पाय जिवंत झाले! औषधी सँडल आहेत या!"

उभ्या हयातीत लोकांची पत्रं घरोघर पोचवलेला माणूस तो. ही बातमी त्याने त्याहून झपाट्याने पोचवली. दुसऱ्या दिवशी दुकानापुढे ही रांग! कुणाचे तळवे जळतात, कुणाची बोटं बधिर. सगळ्यांना औषधी सँडल हव्या होत्या. काकांना कोड्यात पडायलाही सवड मिळेना. सकाळी मलम चोळलेलं, हात तसेच, आणि ज्याच्या पायाला हात लावावा तो खूश! लेक आ वासून बघत होती. "बघ," काका फुशारले, "आता बसव मला गल्ल्यावर!"

एवढ्यात एक आजी स्टुलासमोर टेकल्या. सुजलेला पाय पुढे करून त्यांनी विचारलं, "खात्रीचं आहे ना रे बाबा?"

काकांचा हात जागीच थबकला. हा तर त्यांचाच प्रश्न! आणि ओठावर आलेलं उत्तर होतं, "शंभर टक्के!" काकांना स्वतःचीच मनापासून लाज वाटली. त्यांनी हात नाकाशी नेला, हुंगला, आणि सारा उलगडा झाला.

"नाही आजी," ते उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सँडल साध्या आहेत. माझ्या हाताला मलम लागलंय, ते चुणचुणतंय. मला स्वतःलाच त्याचा काडीचा गुण नाही!"

मग मागून आवाज आला, "मग ते मलम कुठल्या कपाटात आहे?"

"मलाही तेच विचारायचंय!" डॉक्टरीणबाई रांग मोडून आत शिरल्या. "माझा दवाखाना ओस आणि इथे जत्रा! काय विकताय तरी काय?"

लेकीने गल्ल्याखालचे डबे बाहेर काढले. डॉक्टरीणबाईंनी एकेक डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि कपाळाला हात लावला. "काका, चारही डब्यांत तेच ते बी सिक्स जीवनसत्त्व! थोडं असलं तर ठीक. पण चार डब्यांचं, तेही दुप्पट, रोज पोटात गेलं तर नसा उलट बिघडतात. मुंग्या त्यानेसुद्धा येतात!"

"म्हणजे डबे निराळे आणि आत एकच बूट?" काका मटकन खाली बसले. जन्मभर डबे उघडणाऱ्या माणसाने हे डबे फक्त वरून वाचले होते!

रक्त त्याच दिवशी घेतलं. सुई टोचायच्या आधीच काका ओरडले, टोचल्यावर मात्र त्यांना कळलंही नाही. बी ट्वेल्व्ह फार कमी निघालं. जुने डबे बंद, एकच औषध सुरू. "हळूहळू उतार पडेल," बाई म्हणाल्या.

"दोन्ही पायांना एकच?"

"दोन्ही पायांना एकच! आणि हा करंगळीवरचा फोड कधीचा?"

"कसला फोड?"

"बधिर पायाला कळायचं नाही. बूट घट्ट आहेत तुमचे."

"अशक्य!" मापकाका गरजले. "माझं माप मला सांगता?"

बापाला लेकीने गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, स्वतः बुटक्या स्टुलावर बसली आणि त्याचा पाय हळुवार हातात घेऊन मापाच्या पट्टीवर ठेवला. पाय चांगला एक नंबर पुढे गेला होता! लग्नात घातलेला नंबर काका आजवर घालत आले होते. इतरांचे पाय मोजता मोजता स्वतःचा मोजायला त्यांना सवडच झाली नव्हती.

तिने मऊ, रुंद बूट आणून चढवले, नाडी बांधली. "चालून बघा आरशापर्यंत!"

काका गेले, आले आणि पडेल चेहऱ्याने म्हणाले, "जरा सैल वाटतोय गं."

"सैल नाही हो," लेक म्हणाली, आणि गल्ल्याची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "मापाचा आहे. तुम्हालाच घट्टची सवय झालीये!"