अखिल जंगल सोंगखेळ महासंघ

एका जंगलात सगळं काही होतं, बाळांनो. पाणी होतं, सावली होती, अफवा तर मुबलक होत्या. फक्त सोंगखेळाला चौथा भिडू नव्हता.

सोंगखेळ म्हणजे काय ते आधीच सांगतो, म्हणजे मध्येच कोणी हात वर करणार नाही. सपाट दगडाभोवती बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली सोंगं घ्यायची. समोर नदी आहे, काय करता, असं सांगणारा विचारतो. पोहतो, असं म्हणायचं आणि फोडलेले चिंचोके टाकायचे. पांढरे जास्त पडले तर तरलात, काळे जास्त पडले तर बुडालात. बुडालेला घरी जाऊन जेवतो, म्हणून हा खेळ मुलांना द्यायला हरकत नाही.

गोष्ट सांगायचा बाळोबा साळिंदर. अंगावर काटे, त्यामुळे एरवी त्याच्या शेजारी कोणी बसत नसे. या दगडाभोवती मात्र बसत, हातभर अंतर राखून का होईना. बाळोबाला त्याचं फार अप्रूप होतं. गोदूताई खार हत्तीचं सोंग घ्यायची आणि धोंडूनाना कासव चौखूर उधळणाऱ्या घोड्याचं.

झालं काय, गोष्टीत एक दगडी दार आलं. तीन वीरांनी एकदम हात लावल्याशिवाय ते उघडणार नाही, असं बाळोबा बोलून बसला. वीर तर दोनच. दोघांनी उघडेल असं कर की, गोदूताई म्हणाली. पण बाळोबा तत्त्वाचा प्राणी. सांगितलेली गोष्ट बदलत नाही म्हणाला. त्यामुळे हत्ती आणि घोडा सबंध उन्हाळा दाराशी ताटकळले.

गोदूताईला कंटाळा येऊ लागला. ती यायची थांबली तर खेळ मोडेल आणि दगडाशी आपण एकटेच उरू, या भीतीने बाळोबाला घास गोड लागेना.

तेवढ्यात धोंडूनाना बातमी घेऊन आले. नाना सावकाश चालतात, त्यामुळे त्यांना वाटेतलं सगळं दिसतं. नदीकाठी पाणमांजरांचा असाच दगड होता, आंबराईत वानरांचा होता, बांबूच्या बेटात रानडुकरांचा होता. आणि प्रत्येक दगडाला एक भिडू कमी होता.

बाळोबा जंगलभर फिरला. सगळे मिळून खेळू, असं आवतण त्याने घरोघरी दिलं. सगळे हरखले. या खेळावर आपला जीव आहे, असं जो तो म्हणाला.

आणि आलं कोणीच नाही.

घुबडाला दिवसा जमेना, वानरांकडे लग्न निघालं, अस्वलाचं मधाचं काम अर्धवट होतं. दिवस बदलला, तर आधी ज्यांना जमणार होतं त्यांना जमेना.

शेवटी वैतागून बाळोबाने, कोणी का येत नाही यावर विचार करायला सभा बोलावली.

सभेला सगळे आले. वेळेआधी आले. घुबड तर भर उन्हात डोळे मिचकावत आलं. पहिल्या सभेतच महासंघ स्थापन झाला. नानासाहेब रानडुक्कर अध्यक्ष झाले, म्हातारं वानर सरचिटणीस झालं. चिंचोका कडेवर उभा राहिला तर पांढरा धरायचा की काळा, यावर उपसमिती बसली. मग दर आठवड्याला सभा होऊ लागली. खेळ काही होईना.

एका सभेत गोदूताई बाळोबाला म्हणाली, "आता मी यायची नाही रे. हत्ती होऊन उभी राहिले, तेवढं पुरे झालं."

बाळोबाचा धीर सुटला. काय करतो आहे ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तो उभा राहिला.

"अध्यक्षमहाराज, सभेसमोर एक दगडी दार आहे. तिघांनी एकदम हात लावल्याशिवाय ते उघडत नाही. सभा काय करते?"

बाळोबाचे काटे ताठ झाले.

नानासाहेबांनी घसा खाकरला. "विषय पत्रिकेवर नाही. पण बाब तातडीची दिसते. गोदूताई, धोंडूनाना आणि अध्यक्ष या नात्याने मी, अशी त्रिसदस्यीय समिती दाराला हात लावेल."

मतदान म्हणून चिंचोके टाकले. सगळे पांढरे पडले. दार उघडलं.

आत काय आहे, याचा अहवाल सभेने मागितला. आत मोठा सर्प आहे, असं बाळोबाने सांगितलं. सरचिटणिसांनी त्याच्या निषेधाचा ठराव मांडला, तर सर्प जास्तच चिडला. ऐकायला सगळे इतके पुढे सरकले, की घुबडाला दोन काटे टोचले आणि त्याचं लक्षही गेलं नाही. गोदूताईने सोंड उचलली.

ती सभा आजही चालू आहे. बाळोबाला शेजार मिळाला आहे. फक्त नानासाहेब अजून हळहळतात, की महासंघाच्या कामापायी एकदाही खेळायला सवड झाली नाही.

तात्पर्य: संघटना वाढली की खेळ मरतो, असं मोठी माणसं सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नका. आपण खेळतो आहोत हे सभासदांना कळू दिलं नाही, म्हणजे झालं.